जुन्या एमएक्स-5 ला चार पिस्टनचे कॅलिपर : मार्च ते जून 2024 च्या नोंदी

गाडी 1991 ची युनोस रोडस्टर, 1600 सीसी, म्हणजे माझ्दा एमएक्स-5 चं पहिलं मॉडेल, जपानमधून इंग्लंडात आलेली, एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली. काम पुढचे कॅलिपर बदलायचं (कॅलिपर म्हणजे पिस्टननं पॅड डिस्कवर दाबणारा ब्रेकचा भाग), डर्बीत, भाड्याच्या घरामागच्या एका गाडीच्या गॅरेजमध्ये, फक्त शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांना. मी मेकॅनिक नाही. वडील सांगलीला एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, आता रिटायर, रोज रात्री फोनवर कामाची चौकशी करतात. कोणाला हेच काम करायचं असेल तर माझे गेलेले पैसे आणि शनिवार तरी वाचावेत म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

2 मार्च, शनिवार

आधी हे का करतोय ते. मागच्या ऑक्टोबरात ब्लायटन पार्कला ट्रॅक डेला (रेस ट्रॅकवर आपली गाडी पळवायचा दिवस) गेलो होतो, पाचव्या फेरीत पेडल एकदम खाली गेलं, दोनदा पंप केल्यावर ब्रेक लागला, तोवर गवतात. कारण सरळ होतं, ब्रेक ऑइल कधी बदललंय ते मलाच माहीत नव्हतं. ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, डॉट 4 नवं असताना निदान 230 डिग्रीपर्यंत उकळत नाही पण पाणी शोषलं की तो आकडा 155 वर येऊ शकतो, आणि उकळलं की नळीत वाफ, वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. म्हणजे तुमची तक्रार एवढीच असेल तर एक लिटर चांगलं ऑइल आणि पॅड घाला, 100 पाउंडाच्या आत विषय संपतो, कॅलिपरच्या भानगडीत पडू नका.

मी पडलो कारण पुढच्या डिस्क तशाही संपल्या होत्या. 1600 ला पुढे 235 मिमीच्या डिस्क असतात, नवीन असताना 18 मिमी जाड, 16 ला फेकायच्या, माझ्या व्हर्निअरवर 16.2 आल्या. डिस्क, पॅड, होज (ऑइलच्या लवचिक नळ्या) सगळं नवीन घ्यायचंच तर थोडे पैसे घालून मोठं करू म्हटलं.

ठरवलेलं सामान: विलवुडचे डायनाप्रो कॅलिपर, फोक्सवॅगन कोराडो जी60 च्या 280 मिमी डिस्क (22 मिमी जाड, चार बोल्ट, बोल्टच्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी 100 मिमी, म्हणून माझ्या हबला बसतात), आणि दोन्हींना जोडणारे ब्रॅकेट इथल्याच एका छोट्या वर्कशॉपकडून. पिस्टनचा हिशेब मात्र आधी करा. मूळ कॅलिपरला 51 मिमीचा एकच पिस्टन, क्षेत्रफळ साधारण 2040 चौरस मिमी. डायनाप्रोत 1.38 इंचाचे चार, पण एका बाजूचे दोनच धरायचे, म्हणजे साधारण 1930. थोडं कमी आहे, ते चालतं, कारण डिस्क मोठी झाल्यामुळे तो फरक भरून निघतो आणि वरती मिळतंही, शिवाय मूळ मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोरानं ऑइलवर दाब आणणारा) तसाच ठेवता येतो. 1.75 इंचवाले घेतले असते तर 3100 च्या घरात गेलं असतं, पेडल लांब आणि सगळं ब्रेकिंग पुढच्या चाकांवर. मोठा पिस्टन म्हणजे चांगला ब्रेक असं नसतं.

रात्री बाबांना सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न, "आणि मागच्या चाकांचं काय?" म्हटलं बाबा, मागचं ठीक आहे, हँडब्रेक धरतो. ते काही बोलले नाहीत.

9 मार्च

सामान मागवायच्या आधी पुठ्ठा कापला. विलवुड कॅलिपरच्या आकाराचा नकाशा देतात, तो खऱ्या मापात प्रिंट करायचा, पुठ्ठ्यावर चिकटवून कापायचा आणि चाकाच्या आतून फिरवून बघायचा. माझी मूळ 14 इंची चाकं, पुठ्ठा आतच जाईना. म्हणजे 15 इंची चाकं आली, चाकं आली की टायर आले. जुनी चाकं 210 ला मिळाली, टायर 248. हा खर्च मी हिशेबात धरलाच नव्हता. पुठ्ठ्याला अर्धा तास लागतो, सगळ्यात आधी तेच करा. 15 इंची चाकात कॅलिपर आणि आऱ्यांमध्ये 3 मिमी जागा राहिली, तेवढी पुरते.

आजच इन्शुरन्सवाल्यांना फोन करून बदल कळवला. इथे मॉडिफिकेशन लपवलं तर क्लेमच्या वेळी अडचण होते. 42 पाउंड वाढले.

16 मार्च

सामान आलं. कोराडोच्या डिस्कचं मधलं भोक 65 मिमी, माझ्या हबचा काठ 54.1. बोल्टच्या भोकांवर डिस्क "बसते" पण सेंटरला राहत नाही, हातानं हलवली की खालीवर होते. अशीच आवळली तर गाडी चालताना थरथरणार. ऑफिसच्या वर्कशॉपमधल्या एका सहकाऱ्यानं ॲल्युमिनियमच्या दोन रिंगा लेथवर काढून दिल्या, जाडी डिस्कच्या टोपीएवढीच, कारण पुढे चाकालाही त्याच काठावर बसायचंय. पैसे घेतले नाहीत, घरचा चिवडा नेऊन दिला. ओळखीचा लेथ नसेल तर रिंगांसह डिस्क देणाऱ्याकडूनच घ्या.

29 मार्च, गुड फ्रायडे

चार दिवस सुट्टी, आज खोलायला घेतली. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, कारण जमिनीला उतार आहे. जुने कॅलिपर वीस मिनिटांत सुटले. मग ब्रेक पाइपचा नट.

इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि तेहतीस वर्षांच्या गाडीत ते मीठ नेमकं या नटात जाऊन बसतं. डावा नट सुटला. उजवीकडे मी साधा 10 चा पाना लावला आणि नटाचे कोपरे गोल झाले. मग लॉकिंग प्लायरनं धरून फिरवला तर नटाबरोबर पाइपच पिळला गेला. चूक पूर्ण माझी, कारण फ्लेअर नटचा पाना (नटाला जवळपास सगळ्या बाजूंनी धरतो तो) पेटीत पडलेला होता, घाई केली. पाइप कापला, तांबं-निकेलचा नवा पाइप आणला, फ्लेअर करायचं, म्हणजे पाइपचं तोंड पसरवायचं, हत्यार भाड्यानं आणलं, पहिले तीन फ्लेअर वाकडे आले, चौथा बरा आला. सगळं धरून 31 पाउंड आणि अख्खी दुपार गेली. तुम्ही दोन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी नटावर गंज सोडवायचं तेल मारत राहा आणि पहिल्या झटक्यालाच फ्लेअर पाना वापरा.

30 मार्च

चांगला दिवस. डिस्कमागचा पत्रा मोठ्या डिस्कला लागत होता, तो कापून काढला. ब्रॅकेट बसला, टॉर्क रेंचनं आवळला, आट्यांना बोल्ट सैल होऊ न देणारं लॉकिंग लावलं. डिस्क बसवून डायल गेज लावला तर डोल (फिरताना डिस्क आतबाहेर हलते ते) 0.12 मिमी, जो फार आहे. डिस्क नवी होती, दोष हबच्या तोंडावरच्या गंजात. वायर ब्रश आणि बारीक पॉलिश पेपरनं हब चकचकीत केला, परत लावली, 0.04. इतका फरक फक्त गंजाचा! हब साफ न करता नवी डिस्क लावणाऱ्यांना दोन महिन्यांत "डिस्क वाकली" असं वाटतं ते बरेचदा यामुळेच.

मग कॅलिपर सेंटरला आणणं. हा कॅलिपर सरकत नाही, दोन्ही बाजूंनी पिस्टन ढकलतात, म्हणून डिस्क बरोबर मधोमध हवी. माझ्याकडे बाहेरच्या बाजूला 1.5 मिमी जागा जास्त येत होती. ब्रॅकेटसोबत आलेल्या पातळ वायसर घालत-काढत तीन वेळा बसवलं तेव्हा जमलं. यात वेळ जातो, जाऊ द्या.

31 मार्च

आजची नोंद लिहायला जड जातंय.

होज जोडायचे होते. गाडीच्या ब्रेक पाइपला सगळीकडे एम10, म्हणजे 10 मिमी व्यासाचे आटे, आट्यांचं अंतर 1 मिमी. जुने होज काढताना हेच आटे हातात होते, म्हणून नवे ब्रेडेड होज मागवताना दोन्ही टोकांना मी तेच सांगितलं. होजचं टोक डाव्या कॅलिपरच्या भोकात घातलं, दोन फेरे हातानं छान गेलं, मग घट्ट लागलं. मला वाटलं नव्या पार्टचे आटे आहेत, घट्टच असणार. पाना लावला, अर्धा फेरा, अजून अर्धा, आणि एकदम सैल. बाहेर काढलं तर टोकाला ॲल्युमिनियमची चांदीसारखी तार गुंडाळलेली.

डायनाप्रोचं भोक एक अष्टमांश एनपीटीचं असतं, अमेरिकन पाइपचे निमुळते आटे, इंचाला 27. म्हणजे आट्यांचं अंतर 0.94 मिमी, आणि व्यासही दहाच्या थोडासा वर. एम10 च्या इतकं जवळ की सुरुवातीला फसवतं, आणि निमुळतं असल्यामुळे पुढे जाऊन चावतं. हे कॅलिपरच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मी पिस्टनचे आकडे वाचले, भोकाचा आकडा वाचला नाही.

रिपेअर करायचा विचार अर्धा तास केला आणि सोडून दिला. ब्रेकच्या तोंडाशी दुरुस्त केलेले आटे घेऊन मी बायकोला शेजारी बसवणार नाही. डाव्या बाजूसाठी नवा कॅलिपर मागवला, 168 पाउंड. सोबत एनपीटीतून एएन-3 (होजच्या जोडाचं एक माप) मध्ये जाणारे जोड, आणि होज परत नवे: एका टोकाला एएन-3, दुसऱ्याला एम10.

रात्री बाबांना सांगताना आवाज निघत नव्हता. ते रागावले नाहीत. म्हणाले, "जे हातानं सरळ जात नाही त्याला पाना लावायचा नाही, आमच्याकडं नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच सांगायचो. तुला सांगायचं राहिलं बघ."

9 एप्रिल, पाडवा

मंगळवार, सुट्टी नाही. बायकोनं मागच्या दारात गुढी उभारली, संध्याकाळी कॅलिपरचं खोकं आलं, तिनं त्यालाही हळदकुंकू लावलं. गाडी घोड्यांवरच.

13 एप्रिल

जोड बसवले. एनपीटीच्या आट्यांना टेफ्लॉन टेप लावू नका, तिचे धागे तुटून ब्रेकच्या बारीक वाटेत अडकतात, ब्रेक ऑइलला चालणारं पातळ सीलंट लावा. ते वाळेपर्यंत होज टाकले आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघितलं, उजवा होज पूर्ण वळणात अँटिरोल बारला (वळणात गाडीचा कल रोखणारा दांडा) घासत होता. जोडाचा कोन थोडा फिरवून सुटला. चाक हवेत असताना आणि खाली जॅकवर दाबून, दोन्ही वेळा बघा.

मग हवा काढणं. बायको पेडलवर, मी चाकाशी, "दाब... धर... सोड" सुरू. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला होता, हे विसरू नका. जुन्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन रोज अर्ध्याच रस्त्यात फिरतो, पुढच्या भागात गंज आणि घाण साठलेली असते, पेडल तळापर्यंत दाबलं की रबराची सील त्या गंजावरून घासते आणि दुसऱ्या दिवशी मास्टरही संपतो.

एक लिटर ऑइल गेलं तरी पेडल मऊच. गळती कुठे नाही. संध्याकाळी सातला लक्षात आलं. या कॅलिपरला चार निपल (हवा काढायची तोंडं) असतात, दोन वर दोन खाली, म्हणजे तोच कॅलिपर कुठल्याही बाजूला लावता यावा. वरच्या दोनातला एक बाहेरच्या अर्ध्याचा, एक आतल्या अर्ध्याचा. मी फक्त बाहेरचाच उघडत होतो, आतला अंधारात दिसतही नव्हता. तो उघडला तर फसफसत हवा. दहा मिनिटांत पेडल दगडासारखं. बायको दोन तास तिथे बसून होती, एकदाही कुरकुरली नाही, तिच्याशिवाय हे काम होणारं नव्हतं.

20 एप्रिल

पहिल्यांदा रस्त्यावर. आधी गल्लीत पंधराच्या वेगानं, मग रिंग रोडच्या रिकाम्या भागात. पेडल वर आणि टणक, मनासारखं. पण जोरात ब्रेक मारला की नाक खाली जातं, पुढची चाकं लवकर लॉक होतात आणि गाडी थांबायला मात्र जुन्यापेक्षा चांगली वाटत नाही. एवढे पैसे घालून!

घरी येऊन तापमानाची गन लावली. पुढे दोन्ही 140 च्या आसपास. मागे उजवी 61, मागे डावी 34. डावी जवळपास काम करतच नव्हती. चाक काढलं, कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यातली एक गंजून जाम. दुसऱ्या बाजूचीही अर्धी जाम. हँडब्रेक धरत होता कारण एक पॅड दाबला जात होता, तेवढ्यानं गाडी उतारावर थांबते.

म्हणजे कदाचित गेली दोन-तीन वर्षं ही गाडी पुढच्याच ब्रेकवर चालत होती. पुढच्या डिस्क एवढ्या झिजल्या, ऑइल एवढं तापलं, त्यात या जाम पिनांचा मोठा हात असणार. पुढे ताकद वाढवल्यावर तोल अजूनच पुढे गेला. बाबांनी 2 मार्चला विचारलं होतं. बाबांच्या एसटीला हवेचे ब्रेक, माझ्या गाडीला ऑइलचे, पण त्यांनी बरोबर जागेवर बोट ठेवलं होतं. फोन केला आणि सांगितलं, तुम्ही म्हणालात तेच निघालं. "हां," एवढंच म्हणाले, पण खूश झाले.

परत करत असतो तर पहिल्या दिवशी चारही चाकं खोलून मागच्या पिना हातानं सरकवून बघितल्या असत्या.

4 मे

मागचे रिकंडिशन केलेले कॅलिपर जुने परत देऊन घेतले, दोन्हींचे 124, पॅड 26. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. या गाडीचा मागचा पिस्टन जी-क्लॅम्पनं दाबून आत जात नाही, त्यात हँडब्रेकची यंत्रणा आहे, जोर केलात तर ती तुटते. कॅलिपरच्या मागे 14 च्या पान्याचा एक छोटा बोल्ट आहे, तो काढायचा, आत 4 मिमीची ॲलन की जाते, ती फिरवून पिस्टन मागेपुढे होतो. नवे पॅड टाकल्यावर तीच की फिरवून पॅड डिस्कला घट्ट टेकवायचे आणि मग एक तृतीयांश फेरा मागे. चाक हातानं मोकळं फिरलं पाहिजे. हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी.

ऑइल पुन्हा पूर्ण काढून नवं भरलं. दोन्ही वेळचं मिळून दोन लिटर, 34 पाउंड.

6 मे, बँक हॉलिडे

सकाळी सहाला रस्ता रिकामा असताना नवे पॅड ब्रेक मारून तापवत डिस्कवर बसवून घेतले. 30 मैलांवरून 10 पर्यंत हलके आठ वेळा, मग 50 वरून 15 पर्यंत जोरात आठ वेळा, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये अर्धा मिनिट सोडायचं. शेवटी वास आला, तो येतोच. मग वीस मिनिटं ब्रेक जवळपास न लावता गाडी थंड केली. घरी येऊन चाक काढून बघितलं, डिस्कवर सगळीकडे एकसारखा निळसर-करडा थर. आता गाडी चारही चाकांवर बसल्यासारखी थांबते. हा फरक मला पुढच्या कॅलिपरनं नाही, मागच्या पिनांनी दिला.

18 मे

बक्स्टनहून मॅकल्सफील्डकडे जाणारा कॅट अँड फिडलचा रस्ता. उतरताना डाव्या पुढच्या चाकातून टिक-टिक-टिक, वेगाबरोबर वाढणारी. बाजूला थांबलो, नट तपासले, कॅलिपरचे बोल्ट तपासले, सगळं घट्ट. घरी कळलं: चाक बॅलन्स करताना आतून चिकटवलेलं वजन कॅलिपरला घासत होतं, कॅलिपरवर चमकणारी रेघ. 3 मिमी जागा चाकासाठी मोजली होती, वजनासाठी नाही. टायरवाल्याकडे जाऊन वजनं काठाच्या बाजूला लावून घेतली. मोठे कॅलिपर लावल्यावर टायरच्या दुकानात प्रत्येक वेळी हे सांगावं लागणार.

8 जून

ब्लायटन पार्क, पाच सेशन. पेडल सकाळी जिथे होतं तिथेच संध्याकाळी. एक थंड फेरी मारून पिटमध्ये आल्यावर पुढे 285 डिग्री, मागे 190. दोन्ही बाजूंत दहा-पंधराचा फरक.

जुन्या आणि नव्याची थांबायच्या अंतरात तुलना द्यायला मला आवडलं असतं, पण ती खोटी ठरेल, कारण टायरही बदललेत. आणि खरं म्हणजे जुना ब्रेक चाक लॉक करू शकत असेल तर एका ब्रेकचं अंतर टायर ठरवतो, कॅलिपर नाही. मोठी डिस्क मिळवून देते ती दहावा, विसावा ब्रेक पहिल्यासारखा लागण्याची खात्री. मला तेच हवं होतं.

15 जून

एमओटी, म्हणजे इथली गाडीची वार्षिक तपासणी, झाली. 2010 च्या आधीच्या गाडीला मुख्य ब्रेकला गाडीच्या वजनाच्या 50 टक्के जोर लागतो, 74 आले. हँडब्रेकला 16 लागतात, 24 आले. डाव्या-उजव्यातला फरक 30 टक्क्यांपर्यंत चालतो, पुढे 6 आणि मागे 9. मागच्या वर्षीही पास झाली होती, त्यामुळे एमओटी पास म्हणजे पिना मोकळ्या असं धरू नका.

खर्च, पाउंडात: दोन कॅलिपर 336, माझ्या चुकीचा तिसरा 168, ब्रॅकेट आणि बोल्ट 145, डिस्क 72, पुढचे पॅड 78, होज आणि जोड (दोनदा घेतलेले धरून) 96, चाकं 210, टायर 248, ऑइल 34, मागचे कॅलिपर 124, मागचे पॅड 26, पाइप आणि फ्लेअरचं हत्यार 31. एकूण 1568. इन्शुरन्सचे 42 आणि एमओटीचे 54.85 वेगळे. मी सुरुवातीला कागदावर 700 लिहिले होते.

राहिलेलं काम: माझ्या कॅलिपरच्या पिस्टनवर धुळीची रबरं नाहीत, त्यामुळे मिठाचा मोसम सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यावर पॅड काढून पिस्टनच्या कडा ब्रेक क्लीनरनं धुवायच्या. ब्रॅकेटचे बोल्ट 500 मैलांनंतर परत टॉर्कवर बघायचे, सध्या 310 झालेत. मागच्या पिना ऑक्टोबरात काढून, पुसून, ग्रीस लावून परत घालायच्या. बाबांनी त्यांच्या कॅलेंडरवरही लिहून ठेवलंय.